सासूबाईंचं इटालियन भांडण

सासूबाई,

असं मी तुम्हाला कधीच म्हटलं नाही. तुमच्या न्यूझीलंडमध्ये लहानथोर सगळ्यांना नावाने हाक मारायची पद्धत, आणि पहिल्याच भेटीत तुम्ही मला तुमचं नाव घ्यायला सांगितलंत. माझ्या तोंडून ते काही निघेना. पुण्यात वाढलेली मुलगी एक वेळ नवऱ्याला एकेरी हाक मारेल, पण त्याच्या आईला? शेवटी कशानेच हाक न मारता मी काम भागवलं. तुमच्यासमोर येऊन उभी राहायचे आणि खाकरायचे. एकदा तुम्ही तुमच्या लेकाला विचारलंत, "तुझ्या बायकोचा घसा कायमच खराब असतो का?" तुम्ही गेल्याला आता दहाबारा वर्षं झाली, आम्ही ऑकलंड सोडून हॅमिल्टनला, रोटोटुनाला राहायला आलो, तुमची नात युनिव्हर्सिटीत गेली, आणि आज मी पहिल्यांदा तुम्हाला हाक मारते आहे.

ऑकलंडमधल्या माउंट वेलिंग्टनच्या तुमच्या घरातलं ते पहिलं जेवण मला लख्ख आठवतं. मी सोफ्याच्या कडेवर अवघडून बसलेली, सून म्हणून उठावं की पाहुणी म्हणून बसावं ते कळत नव्हतं. तुम्ही स्वयंपाकघरातून आलात आणि टी-टॉवेल माझ्या खांद्यावर टाकलात. "चल, भांडी पुसायला. या घरात पाहुणे दोनच, पोलीस आणि प्लंबर." मी हसत उठले. पुण्याहून नोकरीसाठी या देशात आल्याला मला वर्षसुद्धा झालं नव्हतं, ऑफिसात सगळे गोड बोलायचे आणि कोणी घरी बोलवायचं नाही. ओल्या बशा पुसताना मला फार बरं वाटलं होतं.

पेनरोजच्या कारखान्यातलं पॅकिंगचं काम संपवून तुम्ही निवृत्त झालात आणि दुसऱ्याच आठवड्यात संध्याकाळच्या इटालियनच्या वर्गाला नाव घातलंत. वयाच्या सत्तरीला! कारण तुम्हीच मला सांगितलं होतं. तुमचे वडील दक्षिण इटलीतल्या एका कोळ्यांच्या गावातून तरुणपणी इथे आले. मग युद्ध आलं, इटालियन बोलणारा माणूस संशयाचा झाला, आणि वडिलांनी घरात ती भाषाच बंद केली. मुलांशी फक्त मोडकंतोडकं इंग्रजी. रविवारी मासे साफ करताना मात्र ते एकटेच काहीतरी पुटपुटायचे, आणि त्यातला एकही शब्द तुम्हाला कळायचा नाही. "एवढी वर्षं तो माझ्यासमोर बोलत होता आणि काय ते मला पत्ता नाही," असं तुम्ही म्हणालात, आणि कांदा चिरत नसतानाही डोळे पुसलेत. गावात त्यांच्या भावाची मुलगी, तुमची चुलत बहीण, अजून त्याच घरात राहत होती. तुम्हाला तिच्याकडे जायचं होतं. ट्रॅव्हल एजंटने रोम, व्हेनिस असं काहीबाही सुचवलं, तर त्याला तुम्ही म्हणालात, "पडकी देवळं नकोत. मला माझ्या बापाच्या स्वयंपाकघरात बसायचंय."

सरावाला कोणी हवं होतं. तुमचा लेक पहिल्याच धड्याला पळाला, म्हणून मी सापडले. तुम्ही चुलीपाशी उभ्या राहून मला हुकूम सोडायचात: आप्री, म्हणजे उघड, मेश्कोला, म्हणजे ढवळ, आस्पेत्ता, म्हणजे थांब, आस्साज्जा, म्हणजे चाखून बघ. त्यामुळे माझं सगळं इटालियन हुकमांचं झालं. मला ती भाषा फक्त हवालदारासारखी बोलता येते. तुम्हाला तर कसलीच भीडभाड नव्हती. कोपऱ्यावरच्या डेअरीतल्या गुजराती काकांशी तुम्ही दूध घेताना इटालियन बोलायचात, ते आपले शांतपणे "किआ ओरा" असा इथला माओरी नमस्कार करून सुटे पैसे द्यायचे. चार शब्दांत तीन चुका, तरी आवाज खणखणीत. मी थक्क होऊन बघत राहायचे. आमच्याकडे चुकीचं बोलण्यापेक्षा गप्प बसणं शहाणपणाचं समजतात, आणि ते शहाणपण माझ्यात ठासून भरलेलं आहे.

लेकाला रजा नव्हती. लेकीला त्याच्याकडे ठेवून तुमच्याबरोबर मी निघाले. समुद्रावरून वर चढत जाणारं ते गाव, उतारावर लिंबाच्या बागा, दारोदारी वाळत घातलेली जाळी. तुमची बहीण ऐंशी ओलांडलेली, काळं स्वेटर, तुमच्यासारखीच रुंद हनुवटी. तिने दोन्ही गालांवर मुके घेतले, रडली, आणि आपल्याला थेट बैठकीच्या खोलीत नेऊन बसवलं. लेसचे अभ्रे घातलेला सोफा. सोनेरी काठाचे कप. खास बाहेरून आणलेली बिस्किटं. ती आणि तिची मुलगी उभ्या राहून आपलं खाणं बघत होत्या, संपेल तसं वाढत होत्या, आणि मधूनमधून आत जाऊन स्वयंपाकघराचं दार लोटून घेत होत्या. त्या दारामागून हसण्याचे, भांड्यांचे, एकमेकींवर खेकसण्याचे आवाज यायचे. आपण दारापाशी गेलो की ते थांबायचे. पहिले काही दिवस हे असंच चाललं. मुक्कामाच्या खोलीवर परत येताना तुम्ही पायऱ्यांवर टेकलात. "किती छान वागतात ना? ढिगाने छान. मला रडू येतंय."

मग रविवारचं जेवण झालं. पाच पदार्थ, त्यावर फळं, त्यावर कॉफी. जेवण संपताच तुम्ही उठलात, ताटल्यांवर ताटल्या रचल्यात, बाह्या सरसावल्यात आणि स्वयंपाकघराचं ते लोटलेलं दार खांद्याने ढकललंत. न्यूझीलंडमध्ये कोणताही सभ्य माणूस हेच करतो. जेवून तसाच बसून राहिला तर लोक नावं ठेवतात. पण मी तुम्हाला अडवायला उठले, कारण याचा अर्थ काय घेतला जाईल ते मला माहीत होतं. माझ्या आईच्या घरी एखाद्या पाहुणीने उठून भांड्यांना हात लावला असता तर आई महिनाभर विचारत राहिली असती, की आपलं काय कमी पडलं. तुमच्या बहिणीचा चेहरा पांढराफटक पडला. तिने तुमच्या हातातून ताटल्या काढून घेतल्या, आत गेली, आणि आपण निघेपर्यंत बाहेर आली नाही. तिची मुलगी हॉटेलात कामाला होती, तिला थोडं इंग्रजी यायचं. ती दारात कुजबुजली, "आई विचारतेय, पाहुण्यांना उठावं लागलं असं तिच्याकडून काय चुकलं?"

त्या संध्याकाळी मी तुम्हाला आमची रीत समजावून सांगितली. आमच्याकडेही पाहुणा म्हणजे देव, म्हटलं. तुम्ही चिडलात. "देवाला कोणी भाजी निवडायला बसवतं का? मला नाही व्हायचं देव." थोड्या वेळाने विचारलंत, "मग तुमच्यात पाहुण्याचे घरचे कसे होतात?" मी म्हटलं, होत नाहीत, जन्माला यावं लागतं. "माझा बाप त्या घरात जन्मला," तुम्ही म्हणालात, आणि भिंतीकडे तोंड करून झोपलात. एवढा खर्च, एवढा सराव, एवढा प्रवास, आणि दोन दिवसांनी आपलं परतीचं विमान. तुम्ही आता गुपचूप निरोप घ्याल असंच मला वाटलं. मी तरी तेच केलं असतं.

सकाळी तुम्ही तरातरा निघालात. मी मागून. पुढच्या दाराने नाही, बागेकडून, सरळ स्वयंपाकघराच्या दारात. दोघी मायलेकी टेबलापाशी बसून मासे साफ करताहेत. आपल्या मांदेलीच्या जातीची बारीक चांदीसारखी मासळी, मोठं घमेलं भरून. मी जन्माची शाकाहारी, पदर असता तर नाकाला लावला असता. तुम्ही उंबऱ्यावर कमरेवर हात ठेवून उभ्या राहता आणि सुरू करता. "नॉन सोनो ओस्पिते!" मी पाहुणी नाही! वर्गात तुमचा फक्त वर्तमानकाळ शिकवून झाला होता, म्हणून तुम्ही सगळं वर्तमानकाळातच बोलता. माझा बाप इथे झोपतो. माझा बाप इथे जेवतो. माझा बाप या टेबलाशी मार खातो. आणि मी, त्याची मुलगी, तिकडे सोफ्यावर बिस्किट खाते? चाळीस वर्षांपूर्वी वारलेला माणूस त्या स्वयंपाकघरात सगळ्यांसमोर जेवत बसलेला असतो.

तुमची बहीण उठली. मला वाटलं, आता दार लावून घेते. पण ती तुमच्यापेक्षा मोठ्याने ओरडली. ती गावच्या बोलीत बोलत होती, तिची मुलगी घाईघाईने आपल्याला अर्थ सांगत होती. तुझा बाप जातो म्हणाला आणि गेला, त्याची आई मरेपर्यंत धक्क्यावर जाऊन उभी राहायची, एकदासुद्धा फिरकला नाही, आणि तू आता येऊन माझ्या घरात ताटल्या धुतेस? तुम्ही मागे हटला नाहीत. तो रडतो, तुम्ही ओरडलात, दर रविवारी मासे साफ करतो आणि रडतो, आणि मला काही सांगत नाही! समोरच्या घराची खिडकी उघडली. एक बाई कोपरं टेकून ऐकू लागली. दोघींच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि दोघीही थांबत नव्हत्या. मी कोपऱ्यात उभी होते. आणि खोटं कशाला बोलू, मला तुमचा अतोनात अभिमान वाटत होता.

मग तुमच्या बहिणीने खुर्ची पायाने तुमच्याकडे सरकवली आणि घमेलं पुढे ढकललं. "बस." तुम्ही बसलात. माशाचं डोकं मोडून अंगठ्याने काटा ओढायचा, तसा तुम्ही ओढलात. निम्मा मासा काट्याबरोबर आला. ती बघत राहिली. "हे कोणी शिकवलं?"

"पप्पाने."

"त्यालाही कधी जमलं नाही," ती म्हणाली, आणि हसली. मग तिची मुलगी हसली, खिडकीतली बाई हसली, आणि तुम्ही हसता हसता टेबलावर डोकं टेकलंत.

उरलेले दोन दिवस तुम्ही उठताबसता हुकूम ऐकलेत. उघड, ढवळ, थांब, चाखून बघ. तुमचं लसूण सोलणं वाईट, तुमचे बूट वाईट, तुमचं इटालियन तर फारच वाईट. तुम्ही आनंदाने लाल झाला होतात. मासे न खाणारी बाई आजारीच असणार अशा समजुतीने मला मात्र सोनेरी काठाच्या कपात सूप मिळत राहिलं. त्यानंतर तुम्ही होतात तोवर दर रविवारी माउंट वेलिंग्टनच्या स्वयंपाकघरात फोनवर आरडाओरडा चालायचा. तुमची नात विचारायची, "मम, इज नोन्ना अँग्री?" मी म्हणायचे, "नाही गं, आजी लाडात आलीय." त्यावर ती, "डझन्ट साउंड लाइक इट." पाहुण्याशी कोणी भांडत नाही, हे मला तुमच्याकडून कळलं.

हे सगळं आज आठवायचं कारण सांगते. गेल्या महिन्यात मी पुण्याला जाऊन आले. आईबाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच. भाऊ आणि वहिनी त्याच फ्लॅटमध्ये राहतात. स्टेशनवर घ्यायला आले, खोली आवरून ठेवली होती, नवे टॉवेल, उशाशी बाटलीबंद पाणी. "तुला आता इथलं पाणी सोसायचं नाही," वहिनी म्हणाली. भाजी कमी तिखट केली. चहा ट्रेमधून आला. मी उठले की, "तू बस गं, दमून आली असशील." खरं सांगते, काडीचंही कमी केलं नाही दोघांनी. संध्याकाळी स्वयंपाकघरातून दोघांचा भांडण्याचा आवाज यायचा, गॅसवर दूध उतू गेल्यावरून, आणि मी पाऊल टाकलं की ते हसून म्हणायचे, "काही हवंय का?" ज्या ओट्यावर बसून मी शाळेच्या वेण्या घालून घेतल्या, त्या ओट्यापर्यंत मला जाता आलं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी मी दारात जाऊन उभी राहिले. वहिनी खाली बसून मेथी निवडत होती. मला तुमचं ते 'मी पाहुणी नाही' येत होतं. माझ्या मायबोलीत, शुद्ध, सगळ्या काळांत येत होतं. वहिनीने वर बघितलं. "काही हवंय का, ताई?" मी म्हटलं, "पाणी दे थोडं." ती मेथी बाजूला सारून उठली, आणि ग्लास ट्रेमध्ये ठेवून घेऊन आली. मी उभ्या उभ्या प्यायले आणि "थँक यू" म्हटलं. सख्ख्या वहिनीला मी थँक यू म्हटलं.

तुम्हाला हे पत्र मिळणार नाही, आणि मिळालं असतं तरी यातलं एक अक्षर तुम्हाला लागलं नसतं. खरं तर हे वहिनीला पाठवायला हवं. तिला वाचता येतं.