बादशहा उर्फ नको याच्या ताब्याबाबत

मी, चौकातल्या दुकानात चव्वेचाळीस वर्षे किल्ल्या करणारा, वय एक्क्याऐंशी, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. गोंधळ आहे तो फक्त कलम तीनबाबत, आणि तो दाखला मिळाल्यानंतर सुरू झाला.

१. राहत्या दोन खोल्या आणि बँकेतली शिल्लक मुलाला. यात वाद नाही.

२. किल्ल्या कापायचे मशीन, हातोड्या आणि कानशी धाकट्या भावाला. एकोणीस वर्षांपूर्वी त्याने माझी बारीक कानस "उद्या आणून देतो" म्हणून नेली. तीही त्यालाच दिली असे समजावे. आता तरी माझ्या दारावरून जाताना मान फिरवू नये.

३. कुत्रा. जात कॉकर स्पॅनियल, रंग तांबूस, वय सहा. वकील म्हणतात, कुत्रा जंगम मालमत्तेत मोडतो. जेवण झाल्यावर तो स्थावर असतो, पण असो.

कागदोपत्री नाव बादशहा. ते मुलाने ठेवले. पण पिल्लू घरी आले त्या दिवशी सूनबाई दारातच "नको" म्हणाली, आणि मग दिवसभर गादीवर नको, चपला नको, नको म्हटलं ना. पिल्लाला वाटले, आपले नाव हेच. बादशहा म्हणून घसा कोरडा केला तरी ढिम्म हलत नाही. नको म्हटले की असेल तिथून धावत येतो. त्यामुळे सूनबाई जेव्हा जेव्हा "मला हे कुत्रं नको" म्हणते, तेव्हा तेव्हा तो येऊन तिच्या पायावर हनुवटी टेकतो. ती नकार देते की हाक मारते, हे मला सहा वर्षांत उमगलेले नाही.

(अ) कुत्रा मुलाला. रद्द. मुलगा मनाने वाईट नाही, पण गाडीची किल्ली सापडली नाही तरी घर डोक्यावर घेतो. ही जात हळवी. आवाज चढला की हा पलंगाखाली जाऊन जमीन ओली करतो आणि दोन दिवस अन्नाला तोंड लावत नाही. शिवाय मुलगा म्हणतो, "बाबा, तुमच्यामागे त्याला एखाद्या संस्थेत ठेवू." माणसावाचून हा तिथे महिनाभरही जगणार नाही. मला त्याचीच भीती आहे.

(आ) कुत्रा सूनबाईला. तिने वाचून मान हलवली, आडवी. रद्द. म्हणून पुन्हा (अ). नाही, तेही नको. कुत्रा धावत आला. वकिलांनी पाणी मागितले.

(इ) शेवटी कुत्र्यालाच विचारावे म्हणून मुलगा आणि सूनबाई दोघांना खोलीच्या दोन टोकांना बसवले. तो वकिलांकडे गेला. या जातीला कुठलाही माणूस चालतो. जन्मभर मी लोकांची कुलपे सांभाळली, आणि माझ्या घरचा राखणदार चोराला चप्पल आणून देईल असा.

(ई) ज्याच्याकडे जाईल त्याने हे पाळावे. कान लांब, पाण्यात बुडतात. आठवड्यातून दोनदा कापसाने पुसून कोरडे करावेत, नाहीतर आत चिघळतात. कानामागे रोज विंचरावे. खायला मोजून द्यावे. केविलवाणा बघतो, भुलू नये. मी भुललो. माझे हात थरथरतात, वर्षभर मला कान पुसता आलेले नाहीत. तरी कान स्वच्छ आहेत. कोण पुसते ते विचारले, तर कोणीच कबूल होत नाही.

साक्षीदारांबाबत खुलासा: पहिली सही सूनबाई करणार होती. वकील तिला म्हणाले, "ज्याला यातून काही मिळतं, त्याला साक्षीदार होता येत नाही. कुत्रा तुमच्याकडे येणार नाही हे पक्कं असेल, तरच सही करा." तिने पेन कागदावर टेकवले. बराच वेळ. खाली शाईचा ठिपका दिसतो तो तेव्हाचा. मग पेनाला टोपण लावले आणि म्हणाली, "खालच्या शिंपीणबाईंना बोलावून आणते."

मला रडू आले. कलम ३ (आ) कायम.

सही: किल्लीवाला
साक्षीदार १: शिंपीणबाई, खालचा मजला (ठिपका यांचा नव्हे)
साक्षीदार २: जनावरांच्या डॉक्टरांचे कंपाउंडर
स्थळ: राहते घर, पुढची खोली
तारीख: वकिलांच्या शिक्क्यात आहे ती