आहेर कोणाकडून

९ मार्च, रविवार
ही डायरी गॅरेज चालू होतं तेव्हा ऑइलवाल्याने दिलेली. दोन वर्षं जुनी, वार खोडून लिहावे लागतात. पण हिच्यावर कोणाची सही लागत नाही. खर्चाच्या लाल वहीवर लागते.

भावजी, ताईचे यजमान, दहाला आले. कोंडाणे गावाहून स्कूटर, बाजाराची पिशवी, खिशाला पेन. पतसंस्थेने थकलेल्या कर्जाचं तडजोडपत्र करून दिलं तेव्हा ताईच्या सांगण्यावरून तेच जामीनदार राहिले. कलम सात मला आता पाठ आहे. पाचशेच्या वरचा खर्च जामीनदाराच्या सहीशिवाय नाही. बाहेरून पैसा आला तर कोणाकडून आला ते लिहायचं. दडवला तर तडजोड रद्द, सगळी रक्कम एकदम, आणि मी नाही भरली तर भावजींच्या पगारातून. शाळेत शिपाई आहेत. पुढच्या वर्षी रिटायर.

पहिले दोन महिने न बघता सही करायचे. आता चष्मा लावतात. बायकोने, मंदाने, चहा दिला तर म्हणाले, साखर कमी हाय. मंदा माझ्याकडे बघून हसली, त्यात गंमत काही नव्हती.

१२ मार्च
चौकात कामाला. दुसऱ्याच्या गॅरेजात स्पॅनर धरताना आधी हात अडायचा, आता नाही अडत. समोरच माझं जुनं शटर. तिथे मोबाइलची कव्हरं विकतात. गाडीखाली उतरायचा खड्डा बुजवून वर लाद्या टाकल्यात त्याने. व्हील अलाइनमेंटचं मशीन कर्ज काढून घेतलं नसतं तर... रोज एकदा हे वाक्य इथपर्यंत येतं.

दुपारी धाब्यावर सगळ्यांना चहा पाजायची माझी पाळी होती. टायर बघायच्या निमित्ताने सटकलो.

१६ मार्च, रवि.
चप्पल, साडेसहाशे.
भावजी म्हणाले, "जुनी शिवून नाय का भागणार?"
दाखवली. टाचेखालचं भोक बघून त्यांनाच कसनुसं झालं. सही केली. मग म्हणाले, "मला तरी हौस हाय का रं तुझ्या चपला बघायची?"
नाही, हौस नाही. हेच वाईट. माणूस दुष्ट असता तर मनातल्या मनात शिव्या घालून मोकळा झालो असतो.

३० मार्च, रवि.
प्रज्ञाचं ठरलं. ताईची एकुलती एक. १८ मे, कोंडाण्यातच, विहारापुढे मांडव. मुलगा खोपोलीचा, कारखान्यात आहे. आनंद झाला, अगदी मनापासून झाला. तासाभराने आठवलं की मामा मी आहे.

आपल्यात आहेर टेबलावर लिहून घेतात आणि माइकवरून वाचतात. मामाचा पहिला. ताईच्या लग्नात आमच्या मामाचं नाव पुकारलं तेव्हा आईने पदर सारखा केला होता. मी लहान होतो, पण ते मला अजून दिसतं.

६ एप्रिल, रवि.
आहेराला भावजींची सही हवी. म्हणजे मुलीच्या बापालाच विचारायचं, तुमच्या मुलीला किती देऊ. मंदा म्हणाली, हसावं का रडावं.

वहीत "आहेर, २००१" लिहून पुढे केली. भावजींनी चष्मा लावला. मग काट मारून १०१ केलं.
"बाप म्हणून मागायचं झालं तर पाच हजार मागंन. जामीनदार म्हणून एकशेएक."
सही करून गेले. चहा तसाच. मला त्यांचा राग आला आणि त्यांची दयाही आली, आणि दोन्ही मिळून जे होतं ते घेऊन दिवसभर पडून राहिलो.

१४ एप्रिल
जयंती. वर्गणी ५१, एवढ्याला सही लागत नाही. फळ्यावर माझं नाव पूर्वी वरून तिसरं असायचं, यंदा तळाला, तेही खडू संपत आल्यावर लिहिल्यासारखं. मिरवणुकीत नाचलो मात्र. मंदा म्हणे, दुखरा गुडघा घरी ठेवून आलात वाटतं. बरा गेला दिवस.

११ मे, रवि.
सहीला आज भावजींबरोबर ताईपण आली, पत्रिका घेऊन. भावजी खाली स्कूटर लावत होते तेवढ्यात मला म्हणाली, "पांढरा शर्ट इस्त्री करून घाल. माइकवर तुझं नाव पयलं येनार."
मी एकशेएक सांगितलं. तिला ठाऊक नव्हतं. खिडकीतून स्टेशनकडे बघत राहिली.

१९ मे
काल लग्न झालं. नीट लिहून काढतो, नाहीतर डोकं ताळ्यावर राहणार नाही.

बुद्धवंदना झाली. पांढऱ्या साडीत प्रज्ञा हुबेहूब आईसारखी, म्हणजे आमच्या आईसारखी. मी वाढायला होतो. टेबलापाशी एकशेएक घेऊन उभं राहायची लाज वाटली, म्हणून पाकीट ताईच्या हातात दिलं. म्हटलं, तूच दे. चूक तिथे झाली, आणि ती माझी.

भाताची परात हातात असताना माइकवर आलं, "वधूचे मामा, आयुष्मान रमेश, राहणार भिसेगाव, यांच्याकडून पाच हजार एक रुपये."

पंगतीतली माणसं वळून बघायला लागली. खरं लिहायचं तर मी ताठ झालो. हे खोटं आहे हे कळत असूनही झालो. दीड वर्षात कोणी माझ्याकडे तसं बघितलं नव्हतं. मग चौथ्या पानावर पतसंस्थेचे वसुलीचे कदम दिसले. ते कोंडाण्याचे जावई, बोलावणं असणारच. त्यांनी मान वर केली आणि परत पानात घातली. भावजी मांडवाचा खांब धरून उभे होते. माझ्याकडे बघत नव्हते, ताईकडे बघत होते.

मांडवामागे ताईला गाठलं. माझे एकशेएक तिने परत माझ्या खिशात कोंबले.
"कुठले गं पैसे?"
"सरबताचे."
लेणी बघायला येणाऱ्यांना ती वाटेच्या तोंडाशी लिंबू सरबत विकते, सुट्टीच्या दिवशी. सात वर्षं झाली.
"ह्यांना निम्मंच सांगते मी."

गेल्या आठवड्यात मांडववाल्याच्या ॲडव्हान्ससाठी भावजींनी शाळेतल्या बाईंपुढे हात पसरले होते. ती तेव्हा घरातच होती, पाच हजार जवळ बाळगून. माझं नाव माइकवर यावं म्हणून. परत वाढायला गेलो.

२० मे
कदमांचा फोन आला. "दादा, मी एकटा असतो तर ऐकलंच नाय म्हणालो असतो. पण शेजारच्या पानावर आमचे मॅनेजर होते." लाल वहीत नोंद हवी, रक्कम आणि कोणाकडून. जामीनदाराची सही. सोमवारी, २६ला, वही ऑफिसात दाखवायची.

ताईचं नाव लिहिलं तर भावजी सही करताना वाचणार. नाही लिहिलं तर दडवलेले पैसे माझे ठरणार, आणि भावजींचा शेवटच्या वर्षाचा पगार जाणार.

मंदा म्हणाली, माझ्या माहेराहून आले लिहा. तिच्या भावाचे वीस हजार मीच बुडवलेत, हे पतसंस्थेच्या यादीत आहे, पटणार कोणाला? पण ती तसं म्हणाली, हेच मला पुष्कळ झालं.

२२ मे
भावजींचा फोन नाही. एरवी गुरुवारी येतो, "रविवारी येतो रं" एवढं सांगायला. आज दोनदा मोबाइल बघितला, मग फडक्यात गुंडाळून डब्याच्या पिशवीत टाकला. कामात लक्ष नव्हतं. एका रिक्षाचा नट उलटा फिरवत बसलो, मालक बघत होता.

२३ मे
संध्याकाळी दारात ताई. एकटी, सहाआसनी रिक्षाने आली होती.
मी म्हटलं, माझा जुना पान्यांचा सेट विकला असं लिहितो.
"सेट इकलास तर तेबी सांगाया पायजे हुतं. तडजोड मोडंल, आन ह्यांचा पगार जाईल. माझं नाव लिही."
"आणि भावजी?"
"बघतील. मी हाय की घरात, जायची कुठं?"
मग पाणी प्यायली आणि म्हणाली, "पंचवीस वर्सं झाली, आमी आहेर करतो. दर टायमाला माइकवर ह्यांचं नाव. सरबत मी इकलं, पैसं मी जमवलं, तरी पुकारलं तुझं. निदान तुझ्या वहीत तरी माझं लिही रं."

रडली नाही. आठची सहाआसनी गाठायची म्हणून उठली. मी तिला नाक्यापर्यंत सोडलं.

दीड वर्ष मी माझ्या नावाचं रडत बसलोय. फळ्यावर कितवं, माइकवर किती. ताईचं नाव कुठेच नसतं हे मला कधी दिसलंच नाही. तडजोडपत्रावरसुद्धा "जामीनदाराची पत्नी" असं आहे. मला फार लाज वाटली.

२५ मे, रवि.
नऊ वाजले. वही उघडून बसलोय. तारीख लिहिली, रक्कम लिहिली. "कोणाकडून" पुढे अडलो. सौ. लिहिलं की पुढे भावजींचं नाव आलं. माहेरचं लिहिलं की आमच्या बाबांचं आलं. शेवटी ताईचं नुसतं शालिनी लिहिलं. पेन्सिलीने.

मंदा म्हणाली, पेन्सिलीचं ऑफिसात धरत नाहीत.
माहीत आहे.
खोडरबर तिनेच आणून ठेवला आणि पेनही. दोन्ही माझ्यापुढे ठेवून आत चहा करायला गेली. साखर जास्त घाल, म्हटलं.

खाली स्कूटर थांबली. पेन घेतलं. जिन्यात भावजी खोकले. "शा" गिरवून झालाय.