कमरेची कळ आणि मुगाएवढी गोळी

ता. ९ जानेवारी १८९३, सोमवार. ठाणे
गोळी सकाळी एक, मधल्या सुटीत एक, शाळेतून आल्यावर एक. अफूची ही गोळी आई मुगाएवढी वळते. हल्ली मूग मोठा होत चाललाय. दोघींना दिसतं, बोलत कोणी नाही.
कंबर ठीक. म्हणजे दुखते, पण शेजारच्या घरात कोणी कण्हत असावं तशी. पोट तीन दिवस साफ नाही. अंगाला खाज.
चौथीच्या मुलींनी कविता म्हटली. मधली दोन कडवी गाळली, मला कळलंच नाही. ठकी उभी राहून म्हणाली, "बाई, मधलं राहिलं." मी म्हटलं, "राहू दे."
पूर्वी अशा चुकीला मी सगळा वर्ग पुन्हा...

ता. १२, गुरुवार
संक्रांत. शाळेला सुटी. समोरच्या घरी हळदीकुंकू, बायकांचं येणं-जाणं दिवसभर. मला विधवेला बोलावणं नसणारच. गेल्या वर्षी याचं फार लागलं होतं, आईवर राग काढला होता. यंदा काहीच वाटलं नाही. खिडकीत बसून पाहत होते. हे बरं झालं की वाईट?

ता. १६, सोमवार
दवाखान्यात गेले. माजिवड्याजवळ छकड्याचं चाक निसटून मी पडले, त्याला पुढच्या महिन्यात दोन वर्षं होतील. डॉक्टरांनी मणके दाबून पाहिले. "हाड शाबूत आहे." हे मी चौथ्यांदा ऐकलं. शाबूत आहे तर दुखतं कोण?
गोळ्या किती, विचारलं. दोन म्हटलं. एक लपवली.
"मन उदास असतं का?"
"उदास नाही. काहीच नसतं."
मग त्यांनी विचारलं, "आधी उदास वाटू लागलं की आधी दुखू लागलं?" मी पदर सारखा केला. म्हणाले, गोळी कमी करा, पण हळूहळू. एकदम सोडू नका.

ता. १७, मंगळवार
डॉक्टरांचा प्रश्न डोक्यातून जाईना. जुन्या वह्या काढल्या. पडण्याच्या चार महिने आधीचं पान: 'आज विनाकारण रडू आलं. डोळ्यात केर गेला म्हणून आईला सांगितलं.' म्हणजे सगळंच कमरेच्या माथी मारता येणार नाही.
पण त्याच वहीत, आठ-दहा पानं पुढे: 'मुलींना घेऊन तलावावर गेले. एकीची चप्पल पाण्यात पडली. हसून हसून दम लागला.' अक्षर माझंच. ही बाई कुठे गेली ते वहीत नाही.
आजपासून गोळी बंद. हळूहळू नको. एकदम.

ता. १९, गुरुवार
तिसरा दिवस. नाक गळतं, जांभयांवर जांभया, पोटऱ्यांत मुंग्या. कमरेत कोणी खुंटी ठोकतंय. अन्नाचा वास नको. सगळ्यांचा राग येतो, माणसांच्या चालण्याचासुद्धा.
आई मिठाची पुरचुंडी तापवून शेकायला आली. म्हणाली, "एक तरी घे गं."
मी म्हटलं, "तूच सवय लावलीस."
पुरचुंडी तशीच ठेवून ती आत गेली. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला, तरी ती बराच वेळ हलली नाही.

ता. २०, शुक्रवार
ठकीला मारलं.
नीट लिहून ठेवते. ती हातच्याचं गणित तिसऱ्यांदा विचारायला टेबलाशी आली. तिचा धक्का खुर्चीला लागला, खुर्ची सरकली आणि कळ थेट मानेपर्यंत गेली. माझा हात उठला. कानातल्या कुडीला बोट अडकलं, पाळी फाटली. रक्त आलं. ती रडली नाही. माझ्याकडे बघत राहिली, रागाने नव्हे.
घरी आले नि एकदम दोन गोळ्या घेतल्या. अर्ध्या तासात सगळं लांब गेलं. ठकीसुद्धा.

ता. २४, मंगळवार
ठकी काल नाही, आज नाही. ती चरईत आत्याकडे राहून शाळेला येते, म्हणून तिकडे गेले. आत्या म्हणाली, बाप येऊन घेऊन गेला बाळकुमला. "आता मिठागरावं जाईल. लगीन पन बघतान तिचं."
बाळकुमच्या त्या वस्तीतून चौथीपर्यंत आलेली ही पहिली मुलगी. बापाची समजूत घालायला मला वर्ष लागलं होतं. आणि आज मी हे सगळं शांतपणे ऐकलं. शाळेत येऊन हजेरीपटावर सुबक अक्षरात गैरहजेरी मांडली. एकदम घेतलेल्या दोन गोळ्यांची ही शांती. हिची आता भीती वाटते.

ता. २८, शनिवार
बाळकुमला गेले. सकाळी अर्धीच गोळी घेतली. छकड्यात बसता यावं, आणि शरमही वाटावी, इतपत.
दारात ठकीची आजी सुकी मासळी निवडत होती. मिठागरात पाऊण जन्म वाकून काढलेली, आता सरळ होतच नाही. मी उतरताना कमरेवर हात ठेवला, तो तिने पाहिला.
"कंबर ना? कवापासून?"
"दोन वर्षं."
"मना वीस झाली." कनवटीची डबी दाखवली. आत काळी गोळी, माझ्या गोळीपेक्षा मोठी.
ठकीचा बाप आला. पाय मिठाने चिरलेले, पांढरे. म्हणाला, "मारलंस त्याचं काय नाय, मास्तरीण. आमी पन मारताव. पन रगत काढलंस."
मी म्हटलं, "चूक माझी आहे. ठकीची काही चूक नव्हती." हे ठकीकडे बघून म्हटलं. ती दाराआड होती. कानाला हळद लावलेली.
ती बापाला म्हणाली, "मी सांगितलं ना, बाईंनी त्या दिवशी गोळी घेतली नव्हती. आजीचं पण असंच होतं."
म्हणजे तिला ठाऊक होतं. कधीपासून, ते विचारायचा धीर झाला नाही. घरात आजीला पाहून शिकली असणार. मी समजत होते की शाळेत कोणाला पत्ता नाही.
आजी मासळी निवडत राहिली. म्हणाली, "खाल्ली का पोरं दिसंत नाय. नाय खाल्ली का पोरांना मारते. मी कवाच सोडली नाय. तू काय करशील?"
बाप हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. मिठाचा हंगाम आहे, हात लागतात, एवढंच म्हणाला.
परतताना छकड्यात रडले. कंबर दुखत होती म्हणून नव्हे, असं वाटतं. नक्की सांगता येत नाही.

ता. ३०, सोमवार
ठकी आली नाही.
डॉक्टरांना खरं सांगितलं. तीन, कधी चार. रागावले नाहीत. दर आठवड्याला अर्धी गोळी कमी करायची. आईला दाखवून दिलं तर ती अर्धी वळील. रोज लिहायचं: गोळी किती, दुखणं किती, मन कसं. मी विचारलं, कंबर बरी होईल का? म्हणाले, "तसं वचन देत नाही."
वर्गात खुर्ची काढून टाकली. भिंतीला पाठ लावून सतरंजीवर बसले. मुलींना सांगितलं, "माझी कंबर दुखते. फार दुखली की मी सांगेन आणि बाहेर जाऊन उभी राहीन. तेवढ्यात गोंधळ करायचा नाही." एक-दोघी हसल्या. मग एकीने माझ्या पाठीशी आपलं दप्तर ठेवलं.
आईची माफी मागितली. ती म्हणाली, "जेव आता."

ता. ६ फेब्रुवारी, सोमवार
गोळ्या अडीच. दुखणं फार. मन वाईट, दिवसभर. तीनदा वर्गाबाहेर गेले. असं किती दिवस... डिपुटीसाहेब तपासणीला येतील तेव्हा काय सांगू?
पण कवितेतलं कडवं गाळलेलं आज लक्षात आलं. पुन्हा म्हणायला लावलं.

ता. १३, सोमवार
ठकी आली. आजी एवढं वाकून चालत पोचवायला आली होती, आत मात्र आली नाही. ठकी मागे, दाराजवळ बसली. पूर्वी पुढे बसायची.
दुपारी उगाच रडू आलं, फळ्याकडे तोंड केलं. हे कमरेचं, की गोळी तोडल्याचं, की वहीतल्या त्या जुन्या बाईचं? वेगळं काढता येत नाही. डॉक्टरांसाठी नुसतं 'मन वाईट' लिहिलं.
शाळा सुटल्यावर बाकीच्या गेल्या, ती थांबली. हातभर अंतरावर उभी.
"बाई, आज किती?"
"दोन."
तिने मान हलवली. पाटी काखेत घेतली.
"उद्या येशील?"
"मिठाच्या आगरात पाणी घेणार हायेत. बापूस सोडंल तर."
ती गेली. मला लगेच उठता येईना, म्हणून बसून राहिले. आई वाट पाहत असेल.