रिकामा चौकोन

ॲडलेड
३ सप्टेंबर २०२३

तीर्थस्वरूप आत्यास,
पुष्करचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

तुझं पत्र मिळालं. डावा हात प्लास्टरमध्ये असूनही चार पानं लिहिलीस. जुलैत जिन्यावरून पडलीस हे मात्र तीन दिवसांनी कळवलंस, त्याचा राग अजून गेलेला नाही. अनय तुझा सख्खा मुलगा, ब्रॅकनेलहून अर्ध्या तासात आला असता. त्याला न सांगता तू टॅक्सीने हॉस्पिटलात गेलीस आणि वर तिथल्या डॉक्टरला एक्स-रे कसा वाचावा ते शिकवलंस, असं ऐकतो.

इथे बुधवारी तारीख जाहीर झाली. १४ ऑक्टोबरला सार्वमत. या देशाच्या घटनेत इथल्या मूळ लोकांचा उल्लेखच नाही, म्हणजे जे साठ हजार वर्षं इथे आहेत त्यांचा. आता विचारलंय की त्यांची नोंद घ्यायची का, आणि त्यांच्याबद्दल कायदे करताना सरकारला सल्ला देईल असं त्यांचं एक मंडळ नेमायचं का. निर्णय सरकारचाच राहणार, त्यांनी फक्त मत द्यायचं. मी 'येस'वाल्यांबरोबर काम करतोय. आमच्या प्रचार केंद्राची सूत्रं डॉरीन नावाच्या बाईंकडे आहेत, वय तुझ्याएवढं, याच भागातल्या कौर्ना लोकांपैकी. त्यांच्यातल्या ज्येष्ठ बायकांना सगळेच ऑन्टी म्हणतात, त्यामुळे मलाही इथे एक आत्या मिळाली आहे. तीही रागावते.

पूर्वीला लंडनमध्ये ऑस्ट्रेलिया हाउसला मत देता येईल. माझी मुलगी ऑफिस आणि उशी यांपलीकडे कुठे जात नाही, तेव्हा तिला घेऊन जाशील का? बाकी तुझी काळजी तू करू नकोस. आम्ही सगळे मिळून बघतोय.

लोभ आहेच, तो वाढता असावा.

तुझा
पुष्कर


स्लाऊ
१७ सप्टेंबर २०२३

चि. पुष्कर यास,
अनेक आशीर्वाद.

प्लास्टर निघालं. मनगट जरा वाकडं बसलंय, पण मोदकाला कळ्या पाडण्यापुरतं चालतं. परवा गणपती, म्हणून काल ईलिंग रोडला जाऊन तांदळाची पिठी आणि नारळ आणले. वैभवीने फ्रोझन मोदक आणू का विचारलं. सून चांगली आहे, म्हणून मी गप्प बसले.

तुझं सार्वमत समजलं. तू लहानपणापासून असाच. नागपूरच्या घरी मांजरीला दूध कुणी द्यायचं यावरही तुला बैठक लागायची. माझं म्हणशील तर घटनेत लिहिल्याने काय होतं याबद्दल मी जरा साशंक आहे. आपल्या घटनेत किती सुंदर लिहून ठेवलंय, आणि पुढचं तू जाणतोसच. पण न लिहिण्यापेक्षा लिहिलेलं बरं. निदान बोट ठेवून दाखवता येतं.

माझं इथे छान चाललंय. घरासमोरच्या बस स्टॉपवर माझे जुने पेशंट बसतात. बस चुकली की फाटक उघडून आत येतात, कधी कधी ती चुकवतातच. कुणाचा गुडघा, कुणाची सून. मी आता औषध सांगत नाही. चहा देते आणि ऐकते. तुझे काका गेल्यावर मला वाटलं होतं की हे घर खायला उठेल. या लोकांनी ते होऊ दिलं नाही.

पूर्वीला नेईन. तिला सांग, चालायचे बूट घाल.

पत्र लिहीत जा, नाहीतर मीच विमानात बसेन.

तुझी
श्यामलाआत्या


ॲडलेड
२५ सप्टेंबर २०२३

तीर्थस्वरूप आत्यास,
सा. न. वि. वि.

घाईत लिहितोय. लक्षणं बरी नाहीत. दारोदार जातो तेव्हा लोक गोड बोलतात, पाणी देतात, आणि 'येस'ला मत देणार नाही म्हणून सांगतात. इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या राजीवने तर विचारलं की इतकी वर्षं सरकार त्यांच्या भल्याचंच बघत आलंय ना, मग आता वेगळं काय विचारायचं? मी त्याला म्हटलं, अरे, भलं करणाऱ्यानेच आधी विचारायचं असतं. ज्यांच्याविषयी ठरवायचं त्यांना खोलीबाहेर ठेवून ठरवू नये, एवढं साधं आहे.

गंमत म्हणजे ऑन्टी डॉरीनचा सख्खा भाचाच 'नो' देणार आहे. त्याला सल्ला देणारं मंडळ पुरेसं वाटत नाही, सरकारने आधी त्यांच्या लोकांशी रीतसर करार करायला हवाय. ती त्याच्याशी भांडते आणि डबाही त्याच्याकडूनच आणवते.

लोभाला खंड पडू देऊ नये, ही विनंती.

तुझा
पुष्कर


स्लाऊ
६ ऑक्टोबर २०२३

चि. पुष्कर यास,
आशीर्वाद. आज 'अनेक' लिहिलेलं नाही, ते का हे पुढे कळेल.

काल पूर्वीने सुट्टी काढली. एलिझाबेथ लाइनने टॉटनहॅम कोर्ट रोडपर्यंत गेलो आणि तिथून चालत. तुझी मुलगी वीस मिनिटांत तीनदा थांबली, मी एकदाही नाही. ती आत गेली, मी समोरच्या चर्चपाशी बाकावर बसले. बाहेर येऊन तिने सांगितलं की कागदावर एकच रिकामा चौकोन होता आणि त्यात तिने स्वच्छ अक्षरात 'येस' लिहिलं. मला फार बरं वाटलं. आम्ही कॉफी प्यायलो.

परतीच्या गाडीत बसल्या बसल्या तिला झोप लागली. स्लाऊ आलं की उठव म्हणून तिने फोन माझ्या हातात दिला होता, स्टेशनं त्यावर दिसत होती. पॅडिंग्टन गेलं आणि वर तुझा निरोप झळकला. मुद्दाम वाचला नाही. चष्मा डोळ्यांवर होता, हा काही माझा दोष नव्हे. तू लिहिलं होतंस की १४ तारखेला एजंट घर बघायला येईल, तेव्हा पूर्वीने आत्याला ईलिंग रोडला न्यावं आणि दोन तास परत आणू नये.

मग मात्र मी मुद्दाम वाचलं. 'आईचं घर' नावाचा ग्रुप आहे. तू, अनय, वैभवी, पूर्वी. ज्या आईचं घर ती त्यात नाही. मतदानही झालंय, आणि ते तूच ठेवलंस. ब्रॅकनेलचा फ्लॅट, अनयकडची खोली, नाहीतर वेम्बलीतली म्हाताऱ्यांची सोय. फ्लॅट जिंकला, तीन मतं. पूर्वीने मत दिलं नाही, पण मला सांगितलंही नाही. मी इथेच राहावं हा पर्याय कागदावरदेखील नव्हता.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ही म्हण मी इतकी वर्षं दुसऱ्यांसाठी वापरली.

मला राग आला आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. तुम्ही वाईट नाही, मला त्रास नको म्हणूनच केलंत, हे कळतं. म्हणून तर बोलायला जागा उरत नाही. माझं घर आणि त्या लोकांचा देश यांची तुलना मी करत नाही, तेवढी मी मूर्ख नाही. पण सवय एकच आहे, आणि ती मलाही होती. चाळीस वर्षांपूर्वी एका पंजाबी म्हातारीला तिची सून माझ्याकडे घेऊन आली. मी सगळं सुनेलाच विचारत होते, कुठे दुखतं, कधीपासून, झोप लागते का. शेवटी म्हातारीने टेबलावर हात आपटला. "डॉक्टरनी, दुखतं मला आणि विचारतेस हिला?" त्या दिवसापासून मी खुर्ची पेशंटकडे वळवून बसायला लागले. तोवर किती जणींना विचारलं नसेल, देव जाणे.

१४ तारखेला मी ईलिंग रोडला जाणार नाही. घरीच आहे. एजंटला चहा मीच देईन.

लोभ आहे. राग आहे तोही मायेचाच, पण आहे.

श्यामलाआत्या


ॲडलेड
१५ ऑक्टोबर २०२३

तीर्थस्वरूप आत्यास,
साष्टांग नमस्कार. आज खरोखर आडवा पडून घालतोय असं समज.

तुझं पत्र शुक्रवारी आलं. मी ते उभ्यानेच वाचलं. मग अनयला फोन केला. तो आधी चिडला, आई पुन्हा पडली तर काय करू, तू तिकडून येणार आहेस का, म्हणाला. त्याचं खोटं नाही. पण मी विचारलं की आपण तिला एकदा तरी विचारलं का, तेव्हा म्हणाला, ती नाही म्हणेल म्हणून तर विचारलं नाही. आत्या, माझंही तेच होतं. एजंटला नको म्हणून कळवलंय.

काल दिवसभर मी मतदान केंद्रावर पत्रकं वाटत उभा होतो आणि तुझं पत्र खिशात होतं. 'त्यांना विचारा' असं पत्रकावर छापलेलं. मला एकेकाच्या हातात ते देताना लाज वाटत होती.

संध्याकाळी निकाल यायला लागले आणि जेवणाच्या आतच संपलं. सहाच्या सहा राज्यं 'नो'. दर दहांत सहा माणसं. ऑन्टी डॉरीन रडली नाही. घडीची टेबलं मिटली, उरलेली पत्रकं खोक्यात भरली. तिच्या लोकांपैकी बरेच जण आठवडाभर मौन पाळणार आहेत, तीही. मी तिला गाडीने सोडायला गेलो. वाटेत तुझ्या पत्राची सगळी हकिगत सांगून टाकली. ती हसली, दिवसभरात पहिल्यांदा. मग म्हणाली, माझ्यासाठी तुला जे करता येण्यासारखं होतं ते आज संपलं. जा, घरी जाऊन तिला पत्र लिही.

म्हणून लिहितोय. ग्रुपमधलं मतदान काढून टाकलं. सोबत एक कागद आहे. त्यावर अनयचा, वैभवीचा, पूर्वीचा आणि माझा मिळून एकच प्रश्न आहे, 'तुला काय हवंय?' खाली रिकामा चौकोन आहे. त्यात जे लिहिशील ते आम्ही करू. आम्हाला नको असलेलं लिहिलंस तरी.

माझं चुकलं, आत्या. 'अनेक' परत मिळावेत.

तुझा
पुष्कर


स्लाऊ
२७ ऑक्टोबर २०२३

चि. पुष्कर यास,
अनेक आशीर्वाद. मोजून घे, मागचे राहिलेलेही घातलेत.

कागद दसऱ्याच्या दिवशी पोचला. अनय, वैभवी, पूर्वी जेवायला इथेच होते. बासुंदी झाल्यावर मी तो टेबलावर ठेवला, चष्मा पुसला आणि सगळ्यांदेखत चौकोनात लिहिलं, 'नाही. मी इथेच राहणार.'

अनयचा चेहरा पडला. मला वाटलं, आता समजावणं सुरू होईल, आई ऐक, आई विचार कर. तो उठून जिन्यापाशी गेला, कठडा हलवून पाहिला, आणि तिथूनच त्याने विचारलं की दुसरा कठडा भिंतीच्या बाजूने लावू का. पुष्कर, मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि थोडी रडले. इतक्या वर्षांत माझ्या मुलाने माझं 'नाही' पहिल्यांदा जसंच्या तसं मानलं.

मग बाकीचं मीच सांगितलं. कुणी विचारलं असतं तर जुलैतच सांगितलं असतं. पलंग खाली आणायचा, जिन्याखालच्या जागेत न्हाणीघर करायचं, आणि जानेवारी-फेब्रुवारी मी ब्रॅकनेलला राहायचं, कारण थंडी मलाही वाजते. वैभवी म्हणाली, एवढंच होतं? एवढंच होतं. पूर्वीने माझी माफी मागितली. दर बुधवारी ऑफिसातून इकडे यायचं तिने कबूल केलंय, झोपायला का होईना.

मला ग्रुपमध्येही घेतलंय. मी त्यात काही लिहीत नाही, पत्रं लिहिते. पण नाव दिसतं.

तुझ्या सार्वमताचं मात्र मनातून जात नाही. माझं 'नाही' ऐकायला चार माणसं पुरली, आणि ती माझी होती. डॉरीनबाईंना विचारायचं की नाही, हे बाकीच्या साऱ्या देशाला विचारलं, आणि देश नाही म्हणाला. माझ्या फाटकातून येणाऱ्या म्हाताऱ्यांना मी हे सांगितलं. बस आली तरी कुणी उठलं नाही.

त्या बाईंना पत्र लिहावंसं वाटतं. माझ्या घरात चौकोन आला तो त्यांच्यामुळे, आणि त्यांचा मात्र रिकामाच राहिला. काय लिहायचं ते मला माहीत नाही, सुचेल. तू मला त्यांचा पत्ता पाठव.

पण पाठवण्याआधी त्यांना विचार.

माया होती तशीच आहे, तुझीही असू दे.

तुझी
श्यामलाआत्या