पोकळ कणसांचा आगेरा

आये,

मला शिकवणारी बाई दुसरीतच कंटाळली, म्हणून अक्षर वाकडं आहे. तुला तर वाचताच येत नव्हतं. झाली बरोबरी.

आज आगेरा झाला. आपलं बाळकुमचं शेत इमारतींखाली गेलं, तरी नव्या भाताची कणसं चर्चमध्ये न्यायचा सण काही चुकत नाही. पोरं बाजारातून कणसं आणतात, वर रिबिनी बांधतात. मला मात्र बाबा गेला ते साल दिसतं. भर पावसात तापाने बाबा गेला आणि पाठोपाठ खाडीच्या उधाणाने बांध फोडला. खारं पाणी भातात उभं राहिलं. कणसं आली, पण चोळली की नुसता भुसा. मी चुलीपुढे रडत म्हणाले, "देवाला आपलाच बांध दिसला?" तू नाचणीची आंबील ढवळत होतीस. "देव काय आपला गडी हाय, बांधावर राखणीला ठेवलेला? गिळ नि गप ऱ्हा."

आगेऱ्याच्या सकाळी शेजारची मावशी आपल्या भाताची जुडी घेऊन आली. "ही ने गो. रिकामी गेलीस तर लोक हसतील. नि मागं बस, दुखवटा हाय तुला."

"परक्याचं भात देवाला दावू? त्याला काय शेतं वळखता येत नाय?"

तू आपलीच पांढरी पडलेली कणसं कापलीस, लग्नातल्या लुगड्याच्या चिंधीने बांधलीस आणि माझा हात धरून थेट पुढे निघालीस. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मागून कोणीतरी खिदळली, "काय आणलंय, झाडू?" वळलीसुद्धा नाहीस. "झाडूच हाय. तुझ्या तोंडासाठी."

फादरने जुडी हातात घेतली. "बाई, यात दाणा नाही."

"नाय फादर. पेरणारा पुढं गेलाय, आमचं घर बघाया. इथलं भात चार महिन्यांचं. तिथं खारं पाणी येत नाय."

त्याने ती जुडी सगळ्यांच्या वर ठेवली. मग तू गाणं असं उचललंस की हसणाऱ्या बायकांनाही तुझ्यामागून म्हणावं लागलं. घरी पुन्हा आंबीलच होती. बांध नंतर आपण दोघींनी चिखल वाहून घातला, आणि पुढच्या साली त्या बायका आपल्या दोघींच्या भरल्या शेताकडे बघत आगेऱ्याला गेल्या.

यंदा माझा म्हातारा गेला. सून म्हणाली, "आई, मागे बसा, लोक काय म्हणतील?" म्हटलं, "तोंडं दिलीत त्यांना देवाने, म्हणू देत." गॅलरीतल्या पत्र्याच्या डब्यात भात लावलं होतं. त्याची कणसं घेतली, निम्मी पोकळ, आणि नातीचा हात धरून पुढे चालले. वाटेत ती कळवळली, "आजी, हात दुखतोय ना!"

त्या दिवशी माझाही दुखला होता. मला वाटायचं, मी पळून जाईन म्हणून तू आवळलास.

गाणं मीच उचललं, आये. आवाज फाटला, पण चर्च माझ्यामागून गायलं. हे पत्र कुठे टाकत नाही. आता थोडेच दिवस राहिले, मीच येऊन सांगेन. पुढे चालताना माझे पाय तेवढे लटपटत होते. ते बाबासमोर विचारू नकोस, म्हणजे मीही तुझे विचारणार नाही.