तोंडात लवंग

सोम. १ सप्टें.
घसा पार बसला. गल्लीतल्या आरत्या एकटीच्या जिवावर म्हटल्या, त्याचं फळ. लवंग तोंडात धरूनच राउंड घेतला. एरवी प्रश्न मीच विचारते आणि उत्तरही मीच देऊन टाकते. उचलली जीभ लावली टाळ्याला. आज प्रश्न विचारला आणि पुढं आवाजच फुटेना. सगळे रेसिडेंट डॉक्टर माझ्या तोंडाकडे बघत उभे. मग मागच्या रांगेतून शुभांगी बोलली. आणि बरोबर बोलली! दुसऱ्या वर्षाला आली पोरगी, तिला एवढं येतं हे मला आज कळतंय. ट्रेनिंगची इन्चार्ज म्हणे मी.
फक्त शेवटी, "हो ना मॅडम?" तिचं प्रत्येक वाक्य तिथंच येऊन टेकतं.

गुरु. ४ सप्टें.
घसा सुटला, लवंग सुटली नाही. नियमच केलाय. प्रश्न विचारला की लवंग तोंडात, उत्तर येईपर्यंत ब्र काढायचा नाही. लोक मूग गिळून बसतात, मी लवंग धरून. जीव नुसता तळमळतो. उत्तर ओठांवर आलेलं असतं, आणि समोर दुसरा रेसिडेंट, प्रतीक, छताकडे बघत आठवतोय. पण आठवतं त्याला. वेळ दिला की सगळ्यांना आठवतं.
आमच्या वॉर्डच्या रेणुका सिस्टरनी माझ्या टेबलावर लवंगांची पितळी डबी आणून ठेवली. वॉर्डात एवढी शांतता पहिल्यांदाच, असं म्हणाल्या. घरी ह्यांना सांगितलं तर म्हणतात, ती डबी घरीही आण.

सोम. ८ सप्टें.
विसर्जनानंतरचा सोमवार. निम्मे इंटर्न उभ्याउभ्या पेंगताहेत, कानात अजून ढोल वाजत असणार. रागावणार होते, पण मीही दोन जांभया गिळल्या.
दुपारी सरांनी (विभागप्रमुख) बोलावलं. इथून, बेळगावहून, निपाणीच्या सरकारी दवाखान्यात तीन महिन्यांसाठी एक रेसिडेंट पाठवायचाय. तिथं वॉर्ड जवळजवळ एकट्यानं सांभाळायचा, सीनियर फोनवर. सरांच्या मनात प्रतीक. हुशार, बोलका, इंग्रजी फर्डं. मी शुभांगीचं नाव घेतलं.
सर म्हणाले, "तिथं 'हो ना मॅडम' कुणाला विचारणार ती?"
'आधी तिला विचारते,' एवढंच म्हणाले. तोंडात लवंग नव्हती तरी.

बुध. १० सप्टें.
शु.ला विचारलं, निपाणीला जायचंय का. एरवी खाली बघून बोलते, आज वर बघितलं. ती निपाणीचीच. आई तंबाखूच्या वखारीत कामाला होती, तिला खोकल्यानं बेजार केलं तेव्हा शु. सातवीत. त्याच दवाखान्यात बाकावर आईशेजारी बसायची. "काय झालंय ते आईला कुणी नीट सांगितलंच नाही, मॅडम. चिठ्ठी द्यायचे, पुढचा नंबर बोलवायचे. मला एकदा त्या खुर्चीत बसायचंय." एवढं सलग बोलली, आणि शेवटी माझी संमतीही मागितली नाही. मग एकदम आठवल्यासारखं, "चालेल ना मॅडम?"
झालं. सगळं मुसळ केरात.
प्रतीकलाही जायचंय. तोही माझाच विद्यार्थी. त्याचं काही चुकलेलं नाही.

बुध. १७ सप्टें.
सरांनी तोड काढली. पुढच्या गुरुवारी दोघांची वॉर्डातच परीक्षा. पेशंट एकच, दोघांनी वेगवेगळं तपासायचं, मग सरांसमोर सांगायचं. जो बरा, तो निपाणीला.
पेशंट म्हणून येळ्ळूरचे आप्पा. जुना दमा, वर साखर आटोक्यात येईना म्हणून मुक्काम लांबलाय. उत्साही गडी. राउंड सुरू झाला की उशीला टेकून बसतात आणि सगळ्या कॉटांची चर्चा कान देऊन ऐकतात. परीक्षा आपल्यावर आहे कळल्यावर सुनेकडून इस्त्रीचा सदरा मागवला.

गुरु. २५ सप्टें.
काय दिवस! क्रमानं लिहिते, नाहीतर सगळं एकदम सांगून बसेन.
आधी प्रतीक. आप्पांनी त्याला घडाघडा सांगितलं: आडवं पडलं की धाप लागते, डोक्याखाली दोन उशा घ्याव्या लागतात, संध्याकाळी पाय सुजतात. प्रतीकनं छातीवर नळी ठेवली आणि सरांना सुरेख इंग्रजीत सांगितलं, हृदयाची झडप गळतेय, तसा आवाज येतोय. आप्पा समाधानानं मान हलवत होते. सर मान हलवत नव्हते.
मग शुभांगी. आप्पांनी तेच पाठ म्हटलं. तिनं नळी ठेवली. बराच वेळ ठेवली. पाय दाबून बघितले. आप्पांना सपाट झोपवलं, गप्पा मारत तसंच ठेवलं. धाप नाही, काही नाही. पुन्हा छाती ऐकली. मग माझ्याकडे बघितलं. मी डबीतून दोन लवंगा एकदम तोंडात टाकल्या आणि खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर एक स्कूटर होती, तिचा नंबरही आता सांगेन.
मग मागून आवाज आला, आमच्या शु.चा वाटेना असा खणखणीत.
"आप्पा, ह्ये दुखणं तुमचं न्हाय. खरं सांगा, कुणाचं हाय?"
आप्पा चपापले. सदरा नीट केला. शेवटी म्हणाले, "शेजारच्या कॉटवर त्यो संकेश्वरचा पावणा हुता न्हवं, त्येचं. मॅडमनी त्येच्या दुखण्याचं लई कौतिक केल्तं. माझ्या दम्याला कोण इचारतंय? म्हटलं, पोरास्नी चांगलं मार्क पडूंदेत."
आठवलं. त्या पाहुण्याच्या झडपेवर मीच एक अख्खा राउंड रंगून बोलले होते. लवंगेच्या आधीच्या काळात.
सर कानडीत "साकु, साकु", पुरे, पुरे, म्हणत पोट धरून हसले. शु.नं मग आप्पांचा खरा दमा सांगितला, छातीत काय ऐकू आलं आणि काय आलं नाही, दोन्ही. अडखळत, निम्मं मराठीत. पण शेवटी माझ्याकडे वळली नाही. प्रतीकचा चेहरा पडला होता. मग तो स्वतःच आप्पांच्या कॉटवर बसला, "मी नसलेला आवाज ऐकला, मॅडम," म्हणाला. एवढं कबूल करणारा मुलगा वाया जायचा नाही. दोघांचाही इतका अभिमान वाटला की डोळे पुसावे लागले. लवंगेचा ठसका, असं सिस्टरना सांगितलं.

सोम. २९ सप्टें.
ऑर्डर निघाली. शुभांगी कांबळे, निपाणी. तिनं तिथल्या तिथं आईला फोन लावला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला, "कवा येतीयास गं?"
सरांनी मला थांबवून सांगितलं, महिनाभर बघू. जमलं नाही तर प्रतीकला पाठवू. रास्त आहे.

शनि. ४ ऑक्टो.
शु.चा निरोप. आप्पा डिस्चार्ज होऊनही येळ्ळूरहून आले, घरच्या तांदळाची पिशवी घेऊन. प्रतीकनं त्यांना पाहताच विचारलं, "आज कुणाचं दुखणं आणलंय?" सगळा वॉर्ड हसला, आप्पा सगळ्यांत जास्त.
मी माझी लवंगांची डबी तिला दिली. तिच्या हाताखाली इंटर्न असतील, लागेल. माझी सवय आता मुरलीय, मला नको, असंही ऐटीत सांगितलं.

गुरु. ९ ऑक्टो.
दुपारी निपाणीहून फोन. तीन दिवसांत पहिलाच. एक आजी धाप लागून आल्यात. काय ऐकलं, काय बघितलं, काय औषध सुरू केलं, सगळं नीट सांगितलं. गाडी दारात उभी आहे, नातेवाईक म्हणताहेत बेळगावला न्या. "मला वाटतं, इथंच ठेवावं. रस्त्यात त्रास वाढेल. इथं मी बघू शकते."
आणि थांबली.
ती 'हो ना मॅडम'ची जागा मला चांगली ओळखीची. 'पाठवून दे गं' माझ्या जिभेच्या टोकावर होतं. पेशंट मी बघितलेला नाही, छाती तिनं ऐकलीय, हे कळत होतं, तरी होतं. हात आपोआप टेबलावर गेला. डबी कुठली! ओठ दातांखाली धरले.
पलीकडे वॉर्डातली गडबड, कुणीतरी खोकत होतं. मग शु.चा आवाज, माझ्याशी नव्हे, तिथल्या कुणाशी तरी. "गाडी सोडा. आजी हितंच ऱ्हात्यात. या, बसा, काय झालंय त्ये सांगते तुम्हास्नी."
मग मला म्हणाली, संध्याकाळी कळवते, आणि फोन ठेवला.
भीती वाटतेय, आणि मधूनच हसूही येतंय. ह्यांनी दोनदा विचारलं काय झालं म्हणून, सांगितलं नाही. दिवे लागले. फोन समोर ठेवलाय. अजून आलेला नाही. मी करणार नाही.