शेवटच्या प्रकरणातलं दार

रविवार, १७ मार्च

प्रिय छोटी,

अनेक आशीर्वाद. मी मजेत आहे. तूही असशील असं धरून चालते. तक्रार असती तर तुझं लांबलचक पत्र आलंच असतं.

शिवणाच्या दुकानातली नोकरी टिकून आहे. दिवसभर लोकांच्या पँटींची लांबी कमी करते आणि जेवणाच्या सुट्टीत त्याच टेबलावर कादंबरीची वाढवते. मालकीणबाई म्हणतात, "त्या पुस्तकालाही जरा कात्री लावा." त्यांचं काय जातंय बोलायला!

कादंबरी मात्र शेवटच्या प्रकरणात अडून बसलीय. नायिका बऱ्याच वर्षांनी परदेशातून घरी येते, जिना चढते, बेल वाजवते. पुढे काही सरकत नाही. परवा संपादकबाई फोनवर वैतागल्या, "अहो, वाचकांना काय जिन्यातच उभं ठेवणार आहात?"

काय सांगू त्यांना? दार मावशीला उघडायला लावून पाहिलं, शेजारणीला लावलं, अगदी एक भाडेकरूही आणून बसवला. पण लिहिता लिहिता आतून आपली आईच येते. "थांब गं, कडी अडकलीय, ढकलू नकोस," म्हणते. मग माझा हात चालत नाही.

तू दर पत्रात विचारतेस, कधी येतेस? आणि मी हवापाण्याच्या गप्पा मारते. आई गेली तेव्हा माझे इथं राहण्याच्या परवान्याचे कागद अडकले होते. हा देश सोडला असता तर इथं परत येता आलं नसतं. सगळं तू एकटीनं निभावलंस. पण छोटी, कागद हातात पडूनही आता बरेच दिवस झाले. तुला कळवलं नाही.

खरं सांगू? भीती वाटते. मी इथं आहे तोवर माझ्यापुरती आई त्या घरात आहे. भाजी निवडतेय, तुझ्या नावानं ओरडतेय. मी आले की ती नसेल. तुझं रडून झालं असेल गं, माझं अजून सुरूच झालेलं नाही.

आणि तरी घराची इतकी ओढ लागलीय की काल भर दुपारी इस्त्री हातात धरून तशीच उभी राहिले. गिऱ्हाइकाची पँट थोडक्यात वाचली.

काल संध्याकाळी तिकीट काढलं. पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला पोचते. विमानतळावर येऊ नकोस, कुणाला पाठवूही नकोस. मी बेल वाजवेन, दार तू उघड. लगेच पाणीबिणी आणायला पळू नकोस. तिथंच मला घट्ट धरून ठेव.

अजून जिन्यातच उभी असलेली,
तुझी ताई